डोंबिवली ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जवळ आले, की ठाणे जिल्ह्यातील अनेक अधिकारी, कर्मचारी व लोकप्रतिनिधी यांना नागपूरच्या प्रवासाची आखणी करावी लागते. रेल्वेने जावे, मोटारीने जावे की विमानाने, याचा विचार करताना पहिला प्रश्न अंतराचा उद्भवतो. या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कल्याण स्थानकापासून नागपूर स्थानक रेल्वेमार्गाने सुमारे ७८३ किलोमीटर आहे. भिवंडी तालुक्यातील आमणे येथून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. मुंबई विमानतळ आणि नागपूर विमानतळ यांमधील हवाई अंतर भरते सुमारे ६८५ किलोमीटर. तीनही आकडे आपापल्या परीने खरे आहेत. तथापि डोंबिवलीच्या रहिवाशाला नागपुरात किती वाजता पोहोचता येईल, हे यांपैकी एकही आकडा सांगत नाही.

अंतर आणि वेळ या दोन गोष्टी आपण बोलताना सहज एकमेकींच्या जागी वापरतो. "ठाणे किती लांब?" असे विचारले असता "अर्धा तास" हे उत्तर कोणालाही विचित्र वाटत नाही. परंतु शाळा कोठे काढावी, कचेरी कोठे असावी, रुग्णाला कोणत्या दवाखान्यात न्यावे, असे निर्णय ज्यांना घ्यावयाचे असतात, त्यांनी तरी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. नागपूरचा विमानप्रवास हे त्याचे सोपे उदाहरण होय.

सरळ रेषेतील अंतर

पक्षी उडत जाईल तसे मोजलेले अंतर म्हणजे सरळ रेषेतील अंतर. ते काढण्यासाठी विमानात बसावे लागत नाही. शाळेतील नकाशासंग्रह आणि थोडे अंकगणित पुरे होते. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावे असे हे उदाहरण आहे. मुंबई विमानतळ सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांश व ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा विमानतळ २१.१ अंश उत्तर व ७९.१ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे नागपूर मुंबईच्या २२२ किलोमीटर उत्तरेस आहे. रेखांशांतील फरक ६.२ अंश. परंतु रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत असल्याने विषुववृत्तावरील १११ किलोमीटरचे माप येथे जसेच्या तसे चालत नाही. वीस अंश अक्षांशाच्या आसपास ते ०.९४ ने गुणावे लागते. त्यानुसार नागपूर मुंबईच्या सुमारे ६४७ किलोमीटर पूर्वेस येते. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजूंवरून कर्ण काढला, की ६८५ च्या जवळचा आकडा मिळतो.

एवढ्या अंतरापर्यंत पृथ्वी सपाट आहे असे धरले तरी फारसे बिघडत नाही. मुंबई ते लंडन अशा दीर्घ प्रवासात मात्र पृथ्वीचा गोलाकार लक्षात घ्यावाच लागतो. दोन शहरांमधील सर्वांत जवळचा मार्ग हा पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचा मार्ग असतो. सपाट नकाशावर तोच मार्ग उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो, आणि विमान उगाच वळसा घेऊन जाते असा पुष्कळांचा गैरसमज होतो. वर्गात पृथ्वीगोल व दोरा असेल तर तो दोन मिनिटांत दूर करता येतो. वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग.

देशाच्या मध्यभागी असण्याचे नागपूरचे महत्त्व या सरळ रेषांनीच सिद्ध केले आहे. १९०७ साली उभारलेला तेथील शून्य मैलाचा दगड सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्रीच्या हवाई टपालाची गोष्ट त्या मानाने कमी ठाऊक असते. १९४९ साली ही योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास उतरत, तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत जात. चारही दिशांनी अंतर आटोक्यात राहील असे शहर देशात नागपूरच होते.

विमानाला दीड तास का लागतो?

जेट विमान उंचावर पोहोचल्यानंतर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने ६८५ किलोमीटर कापण्यास बावन्न मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात वेळापत्रकात मुंबई ते नागपूर या प्रवासास सुमारे दीड तास दाखविलेला असतो. उरलेली अडतीस मिनिटे कोठे जातात?

वेळापत्रकातील वेळ ही विमान हवेत असल्याची वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हलते त्या क्षणापासून, दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते त्या क्षणापर्यंतची ती वेळ असते. विमानाला धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जावे लागते. तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, परंतु त्या एकमेकींना छेदून जात असल्याने दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता येत नाहीत. सर्व भार वस्तुतः एका वेळी एकाच धावपट्टीवर पडतो. उड्डाणानंतर वर चढताना आणि उतरण्यापूर्वी खाली येताना वेग पुष्कळच कमी असतो. शिवाय विमान सरळ रेषेतच जाईल असे नाही. नियंत्रण कक्षाने आखून दिलेल्या मार्गानेच त्यास जावे लागते. गर्दीच्या वेळी उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालण्याचाही प्रसंग येतो. विमान कंपन्या या सर्वांसाठी वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात. त्यामुळेच उशिरा सुटलेले विमान कधी कधी वेळेवर पोहोचल्याचे आढळते.

यात वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उत्तर व मध्य भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेस जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटा देतात व पश्चिमेस येणाऱ्या विमानाला अडवितात. मुंबई–नागपूरसारख्या छोट्या प्रवासात हा फरक काही मिनिटांचाच असतो. युरोपच्या प्रवासात मात्र तो ठळकपणे जाणवतो. मुंबईहून लंडनला जाण्यास परतीच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो तो यामुळेच.

आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या कुटुंबांत, आणि अशी कुटुंबे मुंब्रा, भिवंडी व कल्याण भागांत पुष्कळ आहेत, आणखी एका गोष्टीने घोटाळा होतो. तिकिटावरील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी दहा वाजता मुंबईहून सुटलेले विमान तेथील पावणेबारा वाजता उतरले, तर प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे, सव्वातीन तासांचा झाला. परत येताना याच्या उलट होते. तीन तासांचा प्रवास घड्याळात साडेचार तासांचा दिसतो. दोन शहरांमधील उड्डाणाचा वेळ तिकिटावरून काढताना घड्याळातील हा फरक प्रथम वजा अगर अधिक करावा लागतो.

घर ते विमानतळ

आता डोंबिवलीच्या प्रवाशाकडे वळू. त्याच्या नागपूर प्रवासातील दीड तास विमान कंपनीच्या हाती आहे. बाकीचा वेळ रस्ता, रेल्वे आणि रांगा यांच्या हाती आहे. डोंबिवली स्थानकापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे २६ किलोमीटर आहे. रस्त्याने हेच अंतर चाळीसच्या घरात जाते, आणि गर्दीच्या वेळी त्यास पावणेदोन-दोन तास सहज लागतात. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोहोचावे, असा सल्ला दिला जातो. उतरल्यानंतर सामान घेऊन शहरात जाईपर्यंत आणखी पाऊण तास. अशा रीतीने दीड तासाचे उड्डाण घराच्या दारापासून मोजले असता सहा तासांचे होते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या यंत्रात बसून या प्रवाशाने गाठलेला सरासरी वेग ताशी सव्वाशे किलोमीटरही भरत नाही.

यात थोडी गंमतही आहे. मुंबई आणि नागपूर या विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली, तर ती डोंबिवली स्थानकाच्या चार-पाच किलोमीटर दक्षिणेकडून जाते. म्हणजे पूर्वेकडे जाणारा हा प्रवासी प्रथम पश्चिमेकडे दोन तास जातो, आणि विमान सुटल्यावर काही मिनिटांतच पुन्हा जवळजवळ आपल्या घरावर येतो.

तुलनेने रेल्वेचा प्रवास बारा ते चौदा तासांचा आहे. परंतु तो रात्रीचा असतो, आणि कल्याण स्थानक घरापासून दोन स्थानके दूर आहे. रात्री गाडीत बसलेला मनुष्य सकाळी नागपुरास उतरतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून मोटारीने आमण्याहून सुमारे आठ तासांत नागपूर गाठता येते. सहा, नऊ आणि तेरा या तीन आकड्यांतील फरक ८०० आणि १०० या वेगांमधील फरकाइतका मोठा नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. डोंबिवलीपासून हा विमानतळ सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे जुन्या विमानतळाइतकाच दूर आहे. कल्याणपासून जुना विमानतळ सुमारे ३१ तर नवा २८ किलोमीटर. ठाण्याचे मात्र तसे नाही. ठाणे स्थानकापासून जुना विमानतळ १४ किलोमीटरवर, तर नवा २४ किलोमीटरवर आहे. तेव्हा कोणता विमानतळ जवळचा, याचे उत्तर ठाण्यात वेगळे आणि डोंबिवलीत वेगळे येईल. डोंबिवलीकरांसाठी ते किलोमीटरवर ठरणारच नाही. कल्याण–शीळ रस्त्यावर त्या वेळी वाहतूक कशी चालली आहे, यावर ठरेल.

कल्याणजवळ नेवाळी परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन एक धावपट्टी तयार केली होती, हे जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. तेथून प्रवासी वाहतूक मात्र कधी सुरू झाली नाही. जमिनींचा प्रश्न तेवढा मागे राहिला, आणि जून २०१७ मध्ये त्यावरून मोठे आंदोलन झाले.

डोंगर, खाडी आणि लोहमार्ग

एवढ्या जवळच्या विमानतळास जाण्यास एवढा वेळ का लागावा, याचे कारण ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यानच्या भूमीत आहे. ठाणे स्थानक ते कल्याण स्थानक सरळ रेषेत अवघे १७ किलोमीटर आहे. आकाशातील विमानास सव्वा मिनिटाचा प्रवास. परंतु मध्ये ठाण्याची खाडी आहे, पारसिकचा डोंगर आहे, आणि उत्तरेच्या बाजूने उल्हास नदीची खाडी वळणे घेत जाते. रस्त्याने जाणाऱ्यास एकतर भिवंडीच्या बाजूने जाऊन दुर्गाडीजवळ खाडी ओलांडावी लागते, नाहीतर मुंब्रा व शीळफाट्यावरून वळसा घ्यावा लागतो.

रेल्वेने हा अडथळा टप्प्याटप्प्याने ओलांडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटरचा प्रवास तास-सव्वा तासात करून ठाण्यास पोहोचली. खाडीवर पूल बांधून आणि पारसिकच्या पायथ्याशी बोगदे खोदून १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. डोंगराला वळसा घालून, मुंब्र्याच्या बाजूने खाडीच्या कडेकडेने तो नेण्यात आला होता. १९१६ साली पारसिक डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला, आणि जलद गाड्यांना सरळ वाट मिळाली. रेल्वेमार्गाने ठाणे ते कल्याण हे अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. जलद लोकल ते वीस-पंचवीस मिनिटांत, तर धीमी लोकल अर्ध्या तासात किंवा किंचित अधिक वेळात कापते.

१८५३ च्या गाडीचा सरासरी वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास होता. चाळीस किलोमीटरवरील विमानतळास दोन तासांत पोहोचणारी मोटार ताशी वीस किलोमीटरने जात असते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची वाफेची गाडी तिच्यापुढे निघून गेली असती.

ठाणे ते दिवा या टप्प्यावरील पाचवा व सहावा मार्ग १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. त्यानंतर पारसिकचा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला, आणि जलद लोकल कळवा–मुंब्र्याच्या बाजूने, म्हणजे वळणाच्या मार्गाने धावू लागल्या. अधिक गाड्यांसाठी जागा करणे हा त्यामागील हेतू होता व तो रास्तही होता. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत मुंब्र्याच्या याच वळणावर दोन विरुद्ध दिशांच्या लोकल एकमेकींजवळून जात असता, दारांत लटकून उभे असलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले व त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. त्यानंतर स्वयंचलित दारांच्या साध्या लोकल आणण्याचे रेल्वेने जाहीर केले. ही गाडी चुकली तर कामावर पोहोचण्यास उशीर होईल, या हिशेबाने माणसे दारात उभी राहतात. वीस मिनिटांच्या प्रवासाची ही किंमत कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेली नसते.

अंतर तेच, वेळ दुप्पट

अंतर बदलत नाही, वेळ मात्र बदलते, याचा धडा कल्याणकरांना पत्री पुलाने दिला. रेल्वेवरील हा ब्रिटिश काळातील जुना पूल धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मधल्या दोन वर्षांहून अधिक काळात कल्याण आणि डोंबिवली यांमधील किलोमीटर तेवढेच होते. परंतु शेजारच्या एकाच पुलावर सर्व भार आल्याने दहा मिनिटांच्या वाटेस तासभर लागू लागला. त्या काळात रुग्णवाहिकेतून जाणाऱ्यास नकाशावरील अंतर सांगून काय उपयोग होता?

प्रशासनाचे अंतर

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातच याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी मोखाडा, जव्हार, तलासरी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. जिल्हाधिकारी कार्यालयात एका कागदावर सही घेण्यासाठी मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्याला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून ठाण्यास यावे लागे. पहाटेची एस.टी. गाठावयाची, दुपारी कचेरीत पोहोचावयाचे, आणि काम अपुरे राहिले तर मुक्काम करावयाचा, नाहीतर पुन्हा यावयाचे. मजुरी बुडे ती वेगळीच. पालघर जिल्हा वेगळा झाल्याने ही वाट आखूड झाली. जिल्ह्याच्या विभाजनामागे लोकसंख्येचे कारण होतेच, तथापि हे अंतरही त्याचे एक प्रमुख कारण होते.

गावपातळीवर हाच प्रश्न शाळेच्या रूपाने येतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ या कायद्यान्वये केलेल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी तरतूद आहे. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील एखाद्या पाड्यापासून शाळा नकाशावर नऊशे मीटरवर दिसते. मध्ये ओढा असेल तर उन्हाळ्यात ती खरोखरच नऊशे मीटरवर असते. जुलैमध्ये ओढा भरला, की पुलापर्यंत जाऊन यावे लागते, आणि तेच अंतर तीन किलोमीटरचे होते. ते चालावयाचे असते सहा वर्षांच्या मुलाला.

अशा पाड्यांची माहिती वर पाठविताना ग्रामपंचायतीने आणि मुख्याध्यापकांनी नकाशावरील मापाबरोबर चालत जाण्याचे माप आणि लागणारा वेळ हेही नोंदवावेत, तेही पावसाळ्यातील. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मोठा मनुष्य तासाला चार ते पाच किलोमीटर चालतो, लहान मूल तीनच्या आसपास. पाड्यावरील एखाद्या मुलाबरोबर शाळेपर्यंत एकदा चालत जावे, निघताना व पोहोचताना घड्याळ पाहावे, आणि ओढ्याला पाणी असताना तीच वाट पुन्हा एकदा चालावी. दोन्ही वेळा तारखेसह लिहून ठेवल्या, तर पुलाची किंवा नव्या वर्गाची मागणी करताना त्या कागदाला जोडता येतात.